वायरलेस संशोधनाला निधी हवाय? आधी मायक्रोअँपिअर मोजा, मग अर्ज भरा

सहाव्या पिढीच्या वायरलेस तंत्रज्ञानासाठी आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी आज देशात संशोधनाचा पैसा आहे. तरीही जिल्ह्याच्या ठिकाणच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून निघालेले कितीतरी प्रस्ताव पहिल्याच चाळणीत गळतात. अशा प्रस्तावांचे कच्चे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. प्राध्यापक हुशार असतात, पोरं कष्टाळू असतात, विषयही चांगला असतो, पण कागदावर स्वतः मोजलेला एकही आकडा नसतो. 'सिक्स-जी', 'एआय', 'स्मार्ट' हे शब्द पानोपानी येतात आणि उपकरण झोपेत असताना किती करंट खातं हे कुठेच येत नाही. तपासणारा माणूस नेमकं तेच शोधत असतो.

इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमचे शिक्षक, पीएचडीचे विद्यार्थी आणि दोन-चार जणांनी उभी केलेली स्टार्टअप यांच्यासाठी हा लेख आहे. मोठ्या आयआयटीत प्रस्ताव लिहून देणारी वेगळी यंत्रणा असते. ती ज्यांच्याकडे नाही, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे.

पायरी १ : पैसा कुठून येतो ते समजून घ्या

मोबाइल कंपन्या २००२ पासून आपल्या एजीआरचे, म्हणजे सरकारी हिशेबाने धरलेल्या समायोजित महसुलाचे, ५ टक्के सार्वत्रिक सेवा निधीसाठी भरत आल्या आहेत. खेड्यापाड्यांत, डोंगरदऱ्यांत फोन पोचावा हा त्यामागचा हेतू. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. त्याआधीच, १ ऑक्टोबर २०२२ रोजी, दूरसंचार विभागाने याच निधीतून टीटीडीएफ म्हणजे दूरसंचार तंत्रज्ञान विकास निधी सुरू केला आणि दरवर्षीच्या जमेतला ५ टक्के वाटा त्यासाठी राखला. २२ मार्च २०२३ ला 'भारत सिक्स-जी व्हिजन' जाहीर झाल्यावर सिक्स-जी संशोधनाचे १०० हून अधिक प्रकल्प मंजूर झाले, तेही टीटीडीएफच्याच पैशातून. हा पैसा मुळात ग्रामीण भागासाठी गोळा झाला आहे हे विसरू नका. मुंबईतल्या मॉलमधल्या जाहिरात-फलकांचा प्रकल्प इथे मांडलात तर 'गावाला काय मिळणार?' हा प्रश्न येणारच.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे एएनआरएफ, अर्थात अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन. कायदा २०२३ चा, अंमल ५ फेब्रुवारी २०२४ पासून. संशोधनाला अनुदान देणारं केंद्राचं जुनं मंडळ, एसईआरबी, यातच विलीन झालं. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट इथेच आहे. नावाजलेल्या संस्थेने हब व्हायचं आणि इतर विद्यापीठांनी तिला जोडून घ्यायचं, अशी 'पेअर' नावाची योजनाही इथेच आहे.

तिसरा स्रोत सायबर-फिजिकल सिस्टिम्सच्या, म्हणजे संगणक आणि प्रत्यक्ष यंत्रं जोडणाऱ्या प्रणालींच्या, राष्ट्रीय मिशनचा. डिसेंबर २०१८ मध्ये ३,६६० कोटी रुपयांच्या तरतुदीसह त्याला मंजुरी मिळाली आणि देशभर २५ इनोव्हेशन हब उभे राहिले. त्यातलं 'इंटरनेट ऑफ थिंग्ज'चं (आयओटी, म्हणजे नेटला जोडलेली उपकरणं) हब आयआयटी मुंबईत आहे, प्रगत दळणवळणाचं ट्रिपल आयटी बंगळूरमध्ये. हब स्वतः प्रस्ताव मागवतात, 'चाणक्य' फेलोशिप देतात आणि अनेकदा थेट मंत्रालयापेक्षा लवकर उत्तर देतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी पवईच्या या हबकडे अजून पुरेसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं.

चिप स्वतः डिझाइन करायची असेल तर इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची 'चिप्स टू स्टार्टअप' योजना पाहा. कॉलेजला परवडणार नाहीत अशी डिझाइन सॉफ्टवेअरं बंगळूरच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेतल्या चिपइन सेंटरमार्फत मिळतात आणि विद्यार्थ्यांच्या चिप मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर बनून येतात. कमी ऊर्जेच्या सेन्सर चिपला १८० नॅनोमीटर चालतं. जुनं तंत्रज्ञान म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. कंपनीसाठी डिझाइन लिंक्ड इन्सेंटिव्ह आहे (अर्ज सध्या खुले आहेत का ते आधी पाहा), ज्यात पात्र खर्चाच्या निम्म्यापर्यंत आणि जास्तीत जास्त १५ कोटी परत मिळू शकतात.

छोट्या रकमाही कमी मोलाच्या नाहीत. निधी-प्रयास या केंद्राच्या योजनेतून प्रोटोटाइपसाठी १० लाखांपर्यंत मिळतात. पुण्याचं व्हेंचर सेंटर आणि आयआयटी मुंबईचं साइन ही आपल्या जवळची केंद्रं. स्टार्टअप इंडिया सीड फंडातून संकल्पना सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे, विद्यापीठांचे मायनर रिसर्चचे पैसे आहेत. या लहान पैशातून काय करायचं ते पायरी ३ मध्ये येईलच.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. युरोपच्या 'स्मार्ट नेटवर्क्स अँड सर्व्हिसेस' उपक्रमात २०२१ ते २०२७ साठी युरोपीय संघाचे ९० कोटी युरो आहेत, पण भारतीय संस्थेला त्यातून आपोआप निधी मिळत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनला किंवा फिनलंडमधल्या औलूला काम करणारा आपला माजी विद्यार्थी भागीदार म्हणून उपयोगी पडेल, तरी आपल्या वाट्याचा खर्च आपल्यालाच इथून उभा करावा लागतो.

पायरी २ : प्रश्न जमिनीवरून उचला

पुढचं सगळं एकाच उदाहरणावर बोलू. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही घटना जुलैतल्या, सह्याद्रीतल्या. रायगड किंवा रत्नागिरीच्या कॉलेजातल्या शिक्षकाला वाटलं की धोक्याच्या उतारावर जमिनीतला पाण्याचा दाब आणि उताराचा कल मोजणारे सेन्सर लावावेत, तर तो विचार अगदी रास्त आहे.

पण 'दरडीसाठी आयओटी यंत्रणा' एवढ्यावर पैसे मिळत नाहीत आणि मिळूही नयेत. मुन्नारच्या डोंगरात अमृता विश्वविद्यापीठाने वायरलेस सेन्सरांचं जाळं फार पूर्वी उभारून दाखवलं आहे. परीक्षकाला ते माहीत असतं. मग तुमचा प्रश्न वेगळा कसा?

सह्याद्रीच्या पावसात शिरा, म्हणजे वेगळेपण सापडेल. हे उपकरण ज्या महिन्यांत सगळ्यात जास्त लागतं, त्याच महिन्यांत आठवडाआठवडा ऊन पडत नाही. सोलर पॅनेल झाडोऱ्याखाली, ढगाखाली निरुपयोगी. सेन्सरांची माहिती गोळा करणारा गेटवे दरीच्या पलीकडच्या गावात आणि मध्ये ओलं जंगल. चिंब पानं रेडिओ लहरी गिळतात. मोबाइलची रेंज नाही, म्हणून मोबाइल टॉवरवरून चालणारं एनबी-आयओटी नाही. बॅटरी बदलायला जायचं तर निसरड्या पायवाटेने, आणि तेही दरडीच्या तोंडाशी. म्हणजे मूळ प्रश्न सेन्सरचा नसून ऊर्जेचा आणि रेडिओचा आहे. इथे वायरलेस संशोधकाचं काम सुरू होतं.

पायरी ३ : ऊर्जेचा हिशेब कागदावर मांडा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबू.

आपला सेन्सर दर १५ मिनिटांनी २० बाइटचं एक पॅकेट लोरा या कमी ऊर्जेत लांब पोचणाऱ्या रेडिओवरून पाठवतो असं धरू. दिवसाला ९६ पॅकेट. बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ. पाठवताना पूर्ण ताकदीला साधारण १२० मिलिअँपिअर लागतात. सेल एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड, धारणक्षमता २,४०० मिलिअँपिअर-तास. झोपेतला करंट पूर्ण बोर्डाचा १० मायक्रोअँपिअर.

रेंज चांगली असेल तर स्प्रेडिंग फॅक्टर (हा आकडा जितका मोठा, तितकी रेंज जास्त, पण पॅकेट हवेत जास्त वेळ) ७ चालतो आणि पॅकेट हवेत सुमारे ५७ मिलिसेकंद असतं. दिवसभराच्या प्रक्षेपणाला ०.१८ मिलिअँपिअर-तास, झोपेला ०.२४. गंमत पाहा, बोलण्यापेक्षा झोपच महाग. एकूण ०.४२; कागदावर सेल १५ वर्षं चालेल. प्रत्यक्षात सेलचं आपोआप रिकामं होणं त्याआधीच आडवं येतं.

आता दरी आणि ओलं जंगल मध्ये आलं. रेंज मिळवायला स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर जावं लागलं. तेच पॅकेट आता १.३२ सेकंद हवेत राहतं, म्हणजे २३ पट. दिवसाचा खर्च ४.२२ अधिक ०.२४, म्हणजे ४.४६ मिलिअँपिअर-तास. सेल ५४० दिवसांच्या आसपास संपला. आणि यात रिसीव्ह विंडो (पाठवल्यावर उत्तर ऐकायचा छोटा वेळ), सेन्सरला लागणारी वीज यांचा हिशेब अजून धरलेलाच नाही.

मग कुणीतरी म्हणतं, मध्ये एक रिले, म्हणजे पॅकेट घेऊन पुढे पाठवणारं उपकरण, ठेवू. दोन्ही टप्पे फॅक्टर ७ वर होतील. कल्पना चांगली, पण रिलेला ऐकत बसावं लागतं. रिसीव्हरला ५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १२० मिलिअँपिअर-तास झाले. सेल २० दिवसांत खलास.

आता खरा संशोधन-प्रश्न समोर आला: रिलेला सतत ऐकायला न लावता नेमक्या वेळी जागं कसं करायचं? काही मायक्रोवॅटवर चालणारा वेक-अप रिसीव्हर, की वेळेचं काटेकोर जुळवणं, की दोन्ही? आणि ओल्या जंगलात त्या वेक-अप रिसीव्हरची संवेदनशीलता पुरेल का? हाच प्रश्न जागतिक पातळीवरही चालू आहे. मोबाइलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १९ मध्ये कमी ऊर्जेच्या वेक-अप सिग्नलवर काम झालं आहे. सुमारे १ मायक्रोवॅटवर चालणाऱ्या, बॅटरी बदलावीच लागू नये अशा 'अँबियंट आयओटी' उपकरणांचा विचारही तिथेच झाला. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेने, आयटीयूने, नोव्हेंबर २०२३ मध्ये सहाव्या पिढीची जी चौकट स्वीकारली, तिच्यात दर चौरस किलोमीटरला १० लाखांपासून १० कोटींपर्यंत उपकरणांची घनता गृहीत आहे. एवढ्या सेलची अदलाबदल कुणीच करू शकणार नाही. सह्याद्रीतल्या उताराचा प्रश्न आणि सिक्स-जीचा प्रश्न इथे एक होतात. आता 'सिक्स-जी' हा शब्द प्रस्तावात हक्काने येऊ शकतो.

या सगळ्याला पैसे किती लागले? एक पानही पुरलं. फक्त १० मायक्रोअँपिअर, १२० मिलिअँपिअर हे आकडे डेटाशीटमधून, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकातून, उचलू नका, मोजा. डेटाशीट चिपचा करंट सांगते, बोर्डाचा नाही. बाजारातल्या डेव्हलपमेंट बोर्डावर यूएसबीची चिप, व्होल्टेज रेग्युलेटर आणि एक दिवा असतो. चिप झोपली तरी हे जागेच. बोर्ड झोपेत १ मिलिअँपिअर खात असेल तर एकही पॅकेट न पाठवता आपला सेल १०० दिवसांत संपतो. जूनच्या सुरुवातीला लावलेला सेन्सर सप्टेंबरच्या मध्याच्या सुमारास मुका होतो.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट २ हे २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत मोजतं आणि कॉलेजच्या मायनर रिसर्चच्या पैशात बसतं. लहान अनुदान इथे खर्च करा. करंटचा आलेख कागदावर छापा: झोपेची सपाट रेघ, जागं होतानाचा छोटा उंचवटा, प्रक्षेपणाचा उभा खांब, मग रिसीव्हच्या दोन खिडक्या. हा एक आलेख प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर असला की वाचणाऱ्याची बसण्याची पद्धत बदलते. आणखी एक बारकावा: थायोनिल क्लोराइडचा सेल एकदम १२० मिलिअँपिअर मागितले तर व्होल्टेज पाडतो, म्हणून जोडीला कपॅसिटर लागतो. हे तुम्ही आपणहून लिहिलंत तर हात मळलेल्या माणसाचा प्रस्ताव आहे हे लगेच कळतं.

पायरी ४ : टप्पा ओळखा, मग निधीची पेटी निवडा

तंत्रज्ञान किती पिकलं आहे ते सांगायला १ ते ९ अशी टीआरएलची पट्टी वापरतात. तुमचं काम सिद्धांत, सिम्युलेशन, टेबलावरचा प्रयोग असं १ ते ३ च्या घरात असेल तर एएनआरएफ आणि विद्यापीठ. टेबलावर चालणारा वेक-अप रिसीव्हर डोंगरावर चालवून दाखवायचा, म्हणजे ३ ते ६, तर टीटीडीएफ, आयआयटी मुंबईचं हब, निधी-प्रयास. केंद्राने १ जुलै २०२५ ला मंजूर केलेली १ लाख कोटींची आरडीआय (संशोधन, विकास आणि नवोन्मेष) योजना टीआरएल ४ आणि त्यापुढची आहे आणि ती अनुदान देत नाही. कमी किंवा शून्य व्याजाचं दीर्घ मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल देते. कॉलेजातल्या शिक्षकाने तिच्या मागे वेळ घालवू नये.

स्वतःचा टीआरएल फुगवून लिहिणं मी अनेकदा पाहतो. ५ लिहून प्रत्यक्षात ३ वर असलेला प्रकल्प पहिल्या टप्प्यालाच अडकतो, आणि टीटीडीएफसारख्या योजनेत हप्ते टप्प्यांवरच अवलंबून असतात. खरा आकडा लिहा.

पायरी ५ : फ्रिक्वेन्सीची परवानगी आधी पाहा

भारतात लोरासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त आहे. आधी तो ८६७ पर्यंत होता, २०२१ च्या नियमांनी वाढला. ऑनलाइन मागवलेले बरेच मॉड्यूल युरोपच्या सेटिंगवर येतात आणि त्यांचे मूळ चॅनल ८६८.१, ८६८.३, ८६८.५ मेगाहर्ट्झ असतात. तिन्ही आपल्या पट्ट्याबाहेर. भारतीय प्लॅनचे चॅनल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ आहेत. फर्मवेअर बदलल्याशिवाय एकही पॅकेट हवेत सोडू नका, आणि प्रस्तावात हे चॅनल स्पष्ट लिहा.

परवानामुक्त म्हणजे नियममुक्त नव्हे. उपकरणाला डब्ल्यूपीसी या दूरसंचार विभागाच्या स्पेक्ट्रम शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरण-मंजुरी, लागतं. ते सरल संचार पोर्टलवर होतं. परवान्याच्या पट्ट्यात काम करायचं असेल, म्हणजे फाइव्ह-जीच्या बँडमध्ये किंवा त्याहून वरच्या फ्रिक्वेन्सीवर, तर प्रायोगिक परवाना काढा. प्रकल्पाच्या वेळापत्रकात त्याला वेगळी जागा द्या. मंजुरीनंतर आठवण झाली की पहिलं वर्ष त्यातच जातं. उतार वनखात्याच्या हद्दीत असेल तर त्यांची परवानगी, ग्रामपंचायतीचा ठराव हेही.

पायरी ६ : भागीदार कामासाठी घ्या

दरडीच्या अभ्यासात देशाची नोडल संस्था भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आहे. कोणता उतार, किती खोलीवर सेन्सर, धोक्याची पातळी कोणती, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाने ठरवू नये. भूगर्भशास्त्राचा एक सह-संशोधक आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं पत्र, दोन्ही हवीत. पत्रात 'आम्हाला हा प्रकल्प आवडला' एवढंच नको. 'अमुक गावात सेन्सर बसवू देऊ आणि येणारी माहिती आमच्या नियंत्रण कक्षात पाहू' असं हवं.

मोजमापाची मोठी उपकरणं विकत घेण्याआधी जवळ कुणाकडे आहेत ते विचारा. फाइव्ह-जीचा देशी टेस्टबेड आठ संस्थांनी मिळून उभारला आहे. त्यात आयआयटी मुंबई आणि समीर ही सरकारी मायक्रोवेव्ह संशोधन संस्था आहेत, आणि समीरचं मुख्यालयही मुंबईत आहे. २७ ऑक्टोबर २०२३ ला देशभरातल्या १०० फाइव्ह-जी यूज केस लॅबचं उद्घाटन झालं, त्यांत महाराष्ट्रातल्या संस्थाही आहेत. स्पेक्ट्रम अॅनलायझर विकत मागण्यापेक्षा दुसऱ्याच्या लॅबमधल्या यंत्राचं भाडं मागणारा प्रस्ताव मला जास्त पटतो.

पायरी ७ : प्रस्ताव लिहा

आता लिहायला बसा. इतका वेळ जे झालं ते निम्मं लिखाणच होतं. उद्दिष्टं तीनच ठेवा आणि प्रत्येकात आकडा ठेवा. 'ऊर्जा-कार्यक्षम यंत्रणा विकसित करणे' हे उद्दिष्ट नव्हे. 'जून ते सप्टेंबर ओल्या जंगलात, ७०० मीटर अंतरावर, रिलेचा सरासरी करंट ५० मायक्रोअँपिअरच्या आत आणि १०० पैकी ९५ पॅकेट पोचलेली' हे उद्दिष्ट. हे आकडे तुमच्या प्राथमिक मोजमापावरून आलेले हवेत, कुठूनतरी उचललेले नकोत.

पूर्वीच्या कामाचा आढावा लिहिताना मुन्नारचं नाव आधी घ्या आणि आपण कुठे पुढे जातो ते दोन वाक्यांत सांगा. लपवलेलं जुनं काम परीक्षकाने शोधलं की विश्वास संपतो.

वेळापत्रक पावसाळ्याला बांधा. मंजुरी ऑक्टोबरात आली तर बोर्ड तयार करायला आठ महिने मिळतात आणि पहिला पावसाळा चाचणीचा. मंजुरी मेमध्ये आली तर पहिला पावसाळा हातून गेला असं धरा. तीन वर्षांच्या प्रकल्पात दोनच पावसाळे खऱ्या अर्थाने मिळतात; हे लिहिलं की तुमचं तीन वर्षं मागणं रास्त ठरतं.

पायरी ८ : बजेट

मनुष्यबळापासून सुरुवात करा. प्रकल्पावरच्या ज्युनिअर संशोधकाला (जेआरएफ) महिना ३७,००० आणि सीनिअरला (एसआरएफ) ४२,००० रुपये, हे दर जानेवारी २०२३ पासूनचे. दोन वर्षं जेआरएफ आणि तिसरं वर्ष एसआरएफ धरलं तर ८,८८,००० अधिक ५,०४,०००, म्हणजे १३,९२,००० रुपये. त्यावर घरभाडं, ते शहराच्या वर्गाप्रमाणे. पुणे-मुंबई एक्स, नाशिक-नागपूर वाय, बाकी बरीच ठिकाणं झेड. घरभाडं विसरलेलं बजेट मी कितीदा तरी पाहिलं आहे. मग तो खर्च कुठून काढायचा या विवंचनेत विद्यार्थ्याचे पैसे अडतात. ज्याच्या जिवावर प्रकल्प चालतो त्याचंच पोट आपण आवळतो, हे मला सहन होत नाही.

उपकरणांचं कोटेशन ताजं घ्या आणि जीएसटीसकट आकडा धरा. संशोधन संस्थांना मिळणारी ५ टक्क्यांची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. आता १८ टक्के. प्रत्येक यंत्रासमोर 'का हवं' आणि 'जवळपास का नाही' अशा दोन ओळी लिहा. सेन्सरचे सुटे भाग, सर्किट बोर्डाच्या तीन आवृत्त्या, पावसात टिकणारे डबे आणि केबल ग्लँड हे कन्झ्युमेबल्समध्ये. प्रवासात डोंगराच्या फेऱ्या मांडा. परदेशी परिषदेपेक्षा त्या महत्त्वाच्या. ईटीए आणि चाचणीचं शुल्क वेगळं दाखवा.

खासगी किंवा ट्रस्टचं कॉलेज असेल तर एनजीओ-दर्पणचा क्रमांक, आणि मागितली असेल तर डीएसआयआरची सायरो, म्हणजे संशोधन संस्था म्हणून, मान्यता आधीच काढून ठेवा. स्टार्टअपला केंद्राच्या उद्योग विभागाची (डीपीआयआयटी) नोंदणी. प्राचार्यांची सही, एन्डोर्समेंट आणि बँकेचे तपशील यांसाठी शेवटच्या दिवशी धावाधाव होते; पोर्टलही त्याच दिवशी अडखळतं.

पायरी ९ : समितीसमोर

सादरीकरणाला वेळ थोडा मिळतो. संस्थेची ओळख, इमारतीचा फोटो, विभागाची परंपरा हे सगळं वगळा. पहिल्या स्लाइडवर उतार, दुसऱ्यावर करंटचा आलेख, तिसऱ्यावर आकड्यासह उद्दिष्ट.

विचारलं जाण्याची शक्यता असलेले काही प्रश्न: उपग्रहावरून का नाही पाठवत? एनबी-आयओटी आली तर तुमचं काम वाया जाईल का? खोटा इशारा गेला आणि गावाने रात्री घरं सोडली तर जबाबदारी कुणाची? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात योग्य. त्याचं उत्तर असं असावं की या तीन वर्षांत आपण गावाला थेट इशारा देणार नाही. माहिती भूवैज्ञानिक आणि जिल्हा प्रशासनाकडे जाईल, निर्णय त्यांचा. हे कागदावर आधीच लिहून ठेवा, म्हणजे प्रश्न आल्यावर शोधाशोध होत नाही.

पायरी १० : मंजुरीपत्र आल्यावर

मंजुरीपत्र ओळ न ओळ वाचा. प्रकल्प सुरू झाल्याची तारीख कोणती, पत्राची की पैसे जमा झाल्याची? पैसे पीएफएमएस या सरकारी देयक-प्रणालीतून येतात. कॉलेजच्या लेखा विभागातली एक व्यक्ती त्यात तरबेज करून घ्या, तिचं नाव प्रकल्पाच्या बैठकीत घ्या, तिला डोंगर दाखवायला न्या. प्रकल्प का चालला आहे हे कळलेला लेखापाल बिलं अडकू देत नाही.

आर्थिक वर्ष संपलं की जीएफआर १२-ए नमुन्यातलं यूसी, म्हणजे निधी वापरल्याचं प्रमाणपत्र, आणि खर्चाचं विवरणपत्र वेळेत पाठवा. यूसी अडलं की पुढचा हप्ता अडतो, हप्ता अडला की जेआरएफचा पगार. अनुदानावर बँकेत जमलेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत करावं लागतं. यंत्रासाठी मिळालेला पैसा प्रवासावर वळवायचा तर आधी परवानगी, मग खर्च. बौद्धिक संपदेचं कलमही आत्ताच पाहा: पेटंट कुणाच्या नावे, भागीदाराला किती, सरकारचा हक्क कोणता. संबंध गोड असतानाच हे ठरतं.

आणि नकार आला तर? परीक्षकांचे शेरे मिळत असतील तर मागून घ्या. नकाराचं कारण 'नावीन्य अपुरं' असेल तर पायरी २ कडे परत जा. 'प्राथमिक निष्कर्ष नाहीत' असेल तर पायरी ३. 'योजनेच्या कक्षेत बसत नाही' असेल तर प्रस्ताव जवळजवळ तसाच ठेवून पेटी बदला. मधल्या काळात दोन नोड आणि एक गेटवे घेऊन येत्या पावसाळ्यात डोंगर चढा, चार महिने पॅकेट मोजा. पोचलेली किती, गळलेली किती, कोणत्या दिवशी किती मिलिमीटर पाऊस होता, हे एका साध्या तक्त्यात भरत जा. पुढच्या अर्जाला तोच तक्ता जोडा.